तीन मिनिटांच्या बाई

आमच्या वसाहतीत पस्तीस वर्षं माझं नाव 'दोनशे सतरा' होतं. माहेरचं नाव होतं, सासरचं होतं, शाळेतल्या पोरांनी माझ्यामागे ठेवलेलंही एक होतं. पण बाईंच्या लेखी मी दोनशे सतरा. आमचे हे 'दोनशे सतराचे साहेब' आणि आमचा एकुलता एक मुलगा 'दोनशे सतराचा धाकटा'. एकुलता एक पोरगा धाकटा कसा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "क्वार्टरमध्ये तोच लहान ना? मग धाकटा."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला राग आला होता. लग्न होऊन सांगलीहून भोपाळला येऊन जेमतेम महिना झाला होता. नव्या घराच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता आणि मला हिंदी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. बाजारात भाजी घेताना कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या एक उंच बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मराठीत म्हणाल्या, "दोनशे सतरा ना? मागचा नळ चालू राहिलाय तुमचा. वापस जा आणि बंद करा." मी विचारलं, आपण कोण? म्हणाल्या, "एक्स्चेंज." आणि कोथिंबिरीकडे वळल्या.

कारखान्याची वसाहत म्हणजे शहराच्या कडेला वसवलेलं एक वेगळंच गाव होतं. आपली शाळा, आपला दवाखाना, आपली पाण्याची टाकी, आणि दिवसातून चार वेळा वाजणारा भोंगा. शहरात नेहरू नगरला नाहीतर चार इमलीला कुणाकडे जायचं असेल तर आम्ही 'भोपाळला जाऊन येतो' म्हणायचो, जणू आम्ही भोपाळात राहतच नव्हतो. केरळचे, बंगालचे, पंजाबचे, ग्वाल्हेर-उज्जैनचे, आमच्यासारखे महाराष्ट्रातून आलेले, सगळे एकाच मापाच्या क्वार्टरांत. फोन फक्त मोठ्या साहेबांच्या बंगल्यांवर. बाकी सगळ्यांचे गावाकडचे कॉल यायचे ते एक्स्चेंजवर.

हे एक्स्चेंज म्हणजे कारखान्याच्या गेटच्या आत असलेली एक बसकी पिवळी इमारत. आत दोऱ्या खुपसायचा मोठा बोर्ड, त्याच्यासमोर बाई, आणि छतावर एक कर्णा. कुणाचा ट्रंककॉल आला की बाई कर्ण्यावरून सांगायच्या, "क्वार्टर तीन सौ चार, आपका कॉल है। जल्दी आइए।" मग तीनशे चारमधला माणूस असेल तसा धावत सुटायचा. गेटवरचा पहारेकरी एरवी कारखान्याच्या पासाशिवाय देवालाही आत सोडायचा नाही. पण धावणाऱ्याने नुसतं "कॉल है" म्हटलं की आडवा बांबू वर जायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कॉल म्हणजे बहुतेक वेळा जन्म नाहीतर मरण, हे त्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं, कारण त्याचेही कॉल तिथेच यायचे.

बाई ग्वाल्हेरच्या. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारलं नाही, कारण विचारलेल्या प्रश्नाला त्या खरंच उत्तर देतील अशी भीती वाटायची. त्यांना 'हॅलो' आवडत नसे. "हॅलो म्हणण्यात दोन सेकंद फालतू जातात. नाव सांगा, काम सांगा." ट्रंककॉल तीन मिनिटांचा असायचा आणि बाईंच्या डोक्यातही आयुष्य तीन-तीन मिनिटांतच कापलेलं होतं. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या तरी तीन मिनिटं बसायच्या. रस्त्यात कुणी गाठून बोलत राहिलं की ठरल्या क्षणी म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" समोरचा ओशाळून नको म्हणायचा.

आणि कान. डावा कान ड्यूटीचा, उजवा घरचा, अशी त्यांची वाटणी होती. इतकी वर्षं हेडफोन डाव्या कानाला लावून त्या बसल्या होत्या. तक्रार, अर्ज, सरकारी बोलणं असलं की त्या डावा कान पुढे करायच्या. सुखदुःखाचं काही असलं की मान वळवून उजवा. बोलता बोलता त्यांची मान फिरली की आपलं बोलणं कोणत्या खात्यात जमा झालं ते कळायचं. साऱ्या वसाहतीची गुपितं त्यांच्या कानांवरून गेली होती, पण त्यांच्या तोंडून कधी एक अक्षर बाहेर पडलं नाही. आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी भेळेची लालूच दाखवून पाहिली, पोहे-जिलबीची दाखवून पाहिली. बाई जिलबी खायच्या आणि म्हणायच्या, "लाइन बंद, विषय बंद."

माझा पहिला कॉल आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "क्वार्टर दो सौ सत्रह" ऐकलं आणि कणकेच्या हातांनी धावले. सांगलीहून भाऊ बोलत होता. दादा सकाळी गेले होते. माझे वडील. मला पुढचं काही ऐकू आलं नाही, आणि भावालाही बोलता येत नव्हतं. दोन्हीकडून नुसतं रडणं चाललं होतं. खूप वेळाने मी भानावर आले, तेव्हा बाई बोर्डाकडे तोंड करून बसल्या होत्या. तीन मिनिटं केव्हाच संपली होती, सहाही संपली असतील. त्या मागे न पाहता म्हणाल्या, "रडून घ्या. लाइन मी धरून ठेवते." नियमाला इतक्या काटेकोर असलेल्या बाईंनी त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यांनी तर नाहीच नाही. पण तेव्हापासून त्यांनी मला दोनशे सतरा म्हटलेलं मला आवडायला लागलं.

एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्हाला स्वतःला कधी कॉल येतो का हो?" त्या चाळीस नंबरच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. बोर्डाच्या पितळी पट्ट्या पुसत त्या म्हणाल्या, "मला कोण करणार? केला तरी उचलणार मीच." त्यात रडका सूर अजिबात नव्हता. त्यांनी तांत्रिक अडचण सांगितली होती, इतकंच.

मग आपोआप नंबर लागणारं नवं यंत्र आलं, घरोघरी फोन आले आणि पिवळ्या इमारतीला कुलूप लागलं. बाईंना टपाल विभागात बसवलं. तिथे त्या पाकिटांवर शिक्के मारत निवृत्त झाल्या. क्वार्टर मात्र भाड्याने त्यांच्याकडे राहिलं. पुढे मोबाइल आले. वसाहतीतले लोक खिशातल्या फोनवर साऱ्या जगाशी बोलायला लागले आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये कोण आजारी आहे ते त्यांना कळेनासं झालं. सव्वाशे नंबरमधले म्हातारे फिटर घरात पडून दोन दिवस तसेच राहिले होते, तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. आता नोंदणी केलेल्या संस्थांनाही आपल्या वस्तीपुरतं छोटं रेडिओ स्टेशन चालवता येईल, असं त्यात लिहिलं होतं.

"महिला मंडळ रजिस्टर्ड आहे ना? तुम्ही सेक्रेटरी आहात. सही करा."

"बाई, रेडिओ चालवणं म्हणजे काय हळदीकुंकू आहे का?"

त्यांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. "तीस वर्षं मी दोघा-दोघांना जोडलं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याने ऐकलं तर गुन्हा. आता एकदा सगळ्यांना एका लाइनीवर घ्यायचं आहे. मरायच्या आधी."

मी सही केली.

जागा म्हणून त्यांनी पिवळी इमारतच मागितली. आमचे वसाहत अधिकारी भले गृहस्थ होते, पण त्यांना मोकळी जागा दिसली की तिथे स्कूटर स्टँड दिसायचा. ती इमारत पाडायचं त्यांनी कागदावर ठरवूनही टाकलं होतं. बाईंचा अर्ज पाहून ते म्हणाले, "मैडम, लाइसेंस ले आइए, बिल्डिंग आपकी। नहीं मिला तो स्कूटर स्टैंड।" बाई डाव्या कानाने ऐकत होत्या. "लिखकर दीजिए," म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.

तालमीपुरतं कुलूप उघडून मिळालं आणि तालमी सुरू झाल्या. बाईंनी आम्हा वीसेक बायकांना आणि चार-पाच निवृत्त पुरुषांना भिंतीकडे तोंड करून बोलायला शिकवलं. समोर माणूस दिसला की आवाज खोटा होतो, असं त्यांचं म्हणणं. साडीला इस्त्री नसेल तर घरी पाठवायच्या. "चुरगळलेल्या साडीत आवाज पण चुरगळतो." रेडिओवर साडी दिसणार कुणाला, असं एका बंगाली वहिनींनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मला दिसते." तीन मिनिटांत लोणचं घालून दाखवायचं, तीन मिनिटांत ताप कसा मोजायचा ते सांगायचं. मी आयुष्यभर शाळेत पंचेचाळीस मिनिटांचे तास घेतले होते. त्यांतली बेचाळीस मिनिटं फालतू होती, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

अर्ज दिल्लीला गेला, प्रश्न आले, उत्तरं गेली. शेवटी कळलं की दोघं जण जागा आणि माणसं पाहायला येणार आहेत, त्यांच्या शेऱ्यावर सगळं ठरेल. इथे आमचं घोडं पेंड खाणार होतं, कारण आमच्या कारखान्यात 'विज़िट' हा एक मोठा सण होता.

विज़िट म्हटलं की आमची माणसं झपाटल्यासारखी कामाला लागायची. वसाहत अधिकाऱ्यांनी रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले. गेस्ट हाउसमधल्या कुंड्या हलवून एक्स्चेंजसमोर मांडल्या. त्या कुंड्या प्रत्येक पाहुण्याच्या पुढे पुढे धावत असत. तांबडी सतरंजी अंथरली. भाजीच्या गाड्या हटवल्या. शाळा एक तास उशिरा सोडायला सांगितली. आणि गेटवर हुकूम दिला की आमच्या मंडळाने रेडिओसाठी नेमलेल्या समितीच्या सहा लोकांखेरीज कुणी आत दिसता कामा नये. आमच्या तालीम केलेल्या बायकासुद्धा बांबूच्या पलीकडेच अडकल्या. यात त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. तीस वर्षं ते असंच करत आले होते आणि प्रत्येक पाहुण्याने शाबासकीच दिली होती. खरं सांगायचं तर मलाही त्यात चूक दिसली नाही. मी स्वतः दोन कुंड्या सरळ केल्या होत्या.

दिल्लीच्या मॅडम साध्या सुती कुडत्यात आल्या. बरोबर एक तरुण इंजिनिअर. त्याने छत पाहिलं, वायरिंग पाहिलं, मान हलवली. मॅडमनी काजू बाजूला सारून विचारलं, "यहाँ के लोग कहाँ हैं?"

वसाहत अधिकारी कौतुकाने म्हणाले, "मैडम, पूरा इंतज़ाम कर दिया है। आपको कोई डिस्टर्ब नहीं करेगा।"

मॅडम खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. बाहेर पट्टे मारलेले दगड, कुंड्या आणि रिकामा रस्ता. कुत्रंही नव्हतं. "जगह तो अच्छी है," त्या सावकाश म्हणाल्या, "पर बोलेगा कौन? सुनेगा कौन?" आणि त्यांनी फाइल मिटली. तासाभरात त्यांची गाडी होती. मी काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर माझं शाळेतलं हिंदी ऐनवेळी पळून गेलं.

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या जुन्या ॲम्प्लिफायरवरचं फडकं त्यांनी काढलं. कुलूप उघडून मिळाल्या दिवसापासून त्या तो रोज पुसत होत्या. बटण दाबलं आणि तो तापेपर्यंत साडीच्या निऱ्या सारख्या करत उभ्या राहिल्या. मग छतावरचा कर्णा कितीतरी वर्षांनी बोलला.

"क्वार्टर एक सौ बारह, आपका कॉल है। क्वार्टर तीन सौ चार, आपका कॉल है। क्वार्टर पाँच सौ दो, आपका कॉल है। जल्दी आइए।"

हातात कागद नव्हता. एकामागून एक नंबर येत होते. मला आधी वाटलं, बाईंचं वय झालं, धक्का सहन झाला नाही. वसाहत अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले. मग बाहेर दारं आपटल्याचे आवाज यायला लागले.

पहिले आले तीनशे चारचे सरदारजी, पगडी अर्धी बांधलेली, तिचं टोक हातात. पाठोपाठ एकशे बाराच्या केरळी काकू, ओल्या केसांनी. मग एकेक जण, दोघं दोघं, मग घोळका. गेटवरच्या पहारेकऱ्याने अडवायला हात वर केला होता म्हणे, पण समोरचा "कॉल है" म्हणाला आणि त्याचा तोच हात बांबूच्या दोरीकडे गेला. आमच्या तालमीतल्या बायकाही त्या गर्दीत "कॉल है, कॉल है" करत आत शिरल्या. तांबड्या सतरंजीवर चपलांचा खच पडला आणि दोन कुंड्या आडव्या झाल्या.

सरदारजी धापा टाकत म्हणाले, "दीदी, कहाँ से है?"

"दिल्ली से," बाई म्हणाल्या आणि मॅडमकडे बोट दाखवलं. "बात कीजिए।"

मॅडमनी त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या मोबाइलकडे पाहिलं. "आपके पास तो फ़ोन है। फिर आप दौड़े क्यों?"

सरदारजींनी पगडीचं टोक खोचलं. "फ़ोन तो सबके पास है जी। पर मेरा बेटा हुआ था तो इसी आवाज़ ने बुलाया था। माँ गई, तब भी इसी ने। अब यह आवाज़ बुलाए और मैं सोचूँ कि जाऊँ कि न जाऊँ?" एवढं बोलून त्यांना स्वतःलाच रडू आलं. मग केरळी काकू बोलल्या, मग पाचशे दोन, मग सगळे एकदम. बाईंनी टाळी वाजवून त्यांना रांगेत लावलं. "तीन-तीन मिनट। दीवार की तरफ़ मुँह करके।"

मॅडमनी फाइल उघडली. त्या लिहीत राहिल्या आणि त्यांची गाडी चुकली. निघताना त्यांनी बाईंना विचारलं, आपल्याला इतके नंबर पाठ कसे? बाईंनी डावा कान पुढे केला होता, तो मागे घेतला, उजवा केला आणि म्हणाल्या, "नंबर कहाँ, लोग याद हैं।"

परवाना आला. मधल्या महिन्यांत पत्रांचा ढीग झाला, बाईंची आणि माझी दोनदा भांडणं झाली, मनोऱ्याच्या उंचीवरून कुणीतरी अडवून धरलं. पण परवाना आला. वसाहत अधिकाऱ्यांनी शब्द पाळला. जुना बोर्ड भिंतीशी तसाच ठेवला, त्याच्यासमोर माइक आला, आणि भिंतीवर बाईंचं जुनं गोल घड्याळ.

पहिल्या दिवशी उद्घाटनाचं भाषण अर्थातच वसाहत अधिकाऱ्यांचं. त्यांनी चार पानं आणली होती. ते पहिल्या पानावर देशाच्या औद्योगिक प्रगतीपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात साऱ्या वसाहतीने रेडिओवर बाईंचा शांत आवाज ऐकला, "सर, तीन मिनट हो गए। बढ़ाऊँ?" ते दचकून "नहीं, नहीं" म्हणाले. बाहेर क्वार्टरांच्या खिडक्यांतून हसण्याचा जो आवाज उठला, तो माइकमध्येसुद्धा आला. मग लोणचं झालं, ताप झाला, बंगाली वहिनींचं गाणं झालं, सव्वाशेच्या म्हाताऱ्या फिटरांनी आपल्या तब्येतीचा अहवाल स्वतःच दिला. एकही जण चुरगळलेल्या कपड्यांत नव्हता.

शेवटी समारोप माझ्याकडे होता. कागदावर आभार लिहिलेले होते. मी कागद पालथा ठेवला आणि माइकशी वाकले.

"क्वार्टर चालीस, आपका कॉल है।"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा शाळेत विद्यार्थिनी झाले. "दोनशे सतरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि तेही हवेत गेलं, "हे कागदावर नाही."

"क्वार्टर चालीस, आपका कॉल है। जल्दी आइए।"

मला वाटलं होतं, त्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतील. त्या उठल्या आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. मग पुढच्या पायऱ्यांवर पावलं वाजली, भरभर. बाई पुढच्या दाराने आत आल्या, थोड्या धावतच, एका हाताने निऱ्या उचलून धरलेल्या. तीस वर्षं सगळे जसे यायचे तशाच आल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "कुठून आहे?"

"इथूनच," मी म्हणाले.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. आज वसाहतीतल्या एकेकाने बाईंना फोन करायचा, अशी व्यवस्था मी आठवडाभर गुपचूप दारोदार फिरून करून ठेवली होती. पहिला नंबर सरदारजींच्या मुलाचा होता, ज्याच्या जन्माच्या खबरीसाठी बाईंनी सरदारजींना कर्ण्यावरून बोलावलं होतं. सवयीने बाईंचा हात रिसीव्हरकडे गेला आणि कुणाची लाइन कुणाला जोडायची, असं पाहत तो मध्येच थांबला. मी रिसीव्हर उचलून त्यांच्या हातात दिला. "तुमचाच आहे, बाई."

त्यांनी तो डाव्या कानाला लावला. मग काढला, उजव्या कानाला लावला आणि खुर्चीत बसल्या. "बोला," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. तो फोन ठेवला की दुसरा येत होता, दुसरा ठेवला की तिसरा. समोर भिंतीवर घड्याळ चालू होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही, आणि लाइन मी धरून ठेवली.